क्रांतिकारी विचार पूर्ण कोण करते?

प्रश्न असा आहे : इतिहासात मोठे बदल विचार घडवतात की परिस्थिती? राजकारण, कला आणि विज्ञान ही क्षेत्रे विचारांनीच बदलली असतील, तर काही विचार लवकर रुजतात आणि काही शंभर-शंभर वर्षे पडून राहतात, ते कशामुळे? आणि आपल्या काळातला एखादा विचार क्रांतिकारी आहे की नाही, हे वेळीच ओळखता येते का?

विज्ञानाचा आणि विचारांचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. सुरुवातीला मी त्याचे जे उत्तर देत असे, ते आता देत नाही. एक द्रष्टा माणूस रूढ समजुतीला आव्हान देतो, लोक त्याचा छळ करतात आणि अखेर सत्याचा विजय होतो, अशी गोष्ट मी तेव्हा सांगत असे. त्या त्या काळातील मूळ लेखन वाचत गेलो तसतशी ती गोष्ट माझ्या हातून सुटत गेली. क्रांतिकारी विचार जवळजवळ नेहमी अपुराच जन्माला येतो. त्याच्या विरोधकांचे आक्षेप पुष्कळदा रास्त असतात. आणि त्या आक्षेपांना उत्तर देणारे साधन, पद्धत किंवा कृती कोणीतरी, बहुधा मूळ विचारवंताखेरीज दुसरेच कोणी, घडवते तेव्हा जग बदलू लागते, असे मला आता दिसते. साधने परिस्थिती पुरवते हे खरे आहे. परंतु कोणते साधन शोधायचे आणि कशासाठी, हे विचाराशिवाय कळत नाही.

सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण कोपर्निकसचे आहे आणि तेच बहुधा सर्वांत चुकीचे सांगितले जाते, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. सूर्य मध्यभागी ठेवून ग्रहांची मांडणी करणारा त्याचा ग्रंथ १५४३ साली न्यूरेंबर्ग येथे छापला गेला. या मांडणीत ग्रह मध्येच उलटे फिरल्यासारखे का दिसतात याचा उलगडा सहज होतो, आणि सूर्यापासून दूर जावे तसा ग्रहाचा परिभ्रमणकाळ वाढत जातो ही सुंदर व्यवस्थाही दिसते. तथापि कोपर्निकसने वर्तुळाकार गती सोडली नव्हती, त्यामुळे वर्तुळांवर वर्तुळे रचणे त्यालाही चुकले नाही; आणि ग्रह अमुक दिवशी कोठे दिसेल, हे त्याची गणिते पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या टॉलेमीच्या गणितांपेक्षा फारसे अचूक सांगत नव्हती.

वर्गात मी विद्यार्थ्यांना १६०० सालात नेऊन बसवतो आणि त्या वर्षीपर्यंतचा पुरावा वापरून पृथ्वी स्थिर आहे असे सिद्ध करायला सांगतो. हुशार विद्यार्थी हा वाद नेहमी जिंकतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यास जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेले दिसले पाहिजेत. या सरकण्याला पराशय म्हणतात. टायको ब्राहे हा दुर्बिणीपूर्व काळातील सर्वांत काटेकोर निरीक्षक होता. त्याची उपकरणे एक-दोन कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन मोजत असत आणि त्यांना असे कोणतेही सरकणे आढळत नव्हते. तारे विलक्षण दूर असतील तर ते दिसणार नाही, हे टायकोला कळत होते. पण नुसत्या डोळ्यांना ताऱ्याची जी टिकली दिसते, तिच्यावरून हिशेब केला तर इतक्या दूरचा तारा सूर्याच्या कितीतरी पट प्रचंड ठरत होता, आणि ते त्याला पटत नव्हते. त्याचा हा आक्षेप अज्ञानातून आलेला नव्हता. एखाद्या ताऱ्याचा पराशय विश्वासार्ह रीतीने मोजला गेला तो १८३८ साली, बेसेलकडून, आणि तो निघाला विकलेच्या, म्हणजे कलेच्या साठाव्या भागाच्या, एक-तृतीयांशाहूनही कमी. म्हणजे टायकोच्या उपकरणांच्या मर्यादेपेक्षा सुमारे दोनशे पटींनी किंवा त्याहूनही सूक्ष्म. ग्रंथ छापला गेल्यापासून हे उत्तर मिळेपर्यंत २९५ वर्षे लोटली. त्याआधी १७२० च्या दशकात ब्रॅडलीने ताऱ्यांच्या प्रकाशाच्या दिशेत वर्षभरात होणारा बारीक फरक मोजला होता आणि पृथ्वीच्या गतीचा तो पहिला थेट पुरावा ठरला.

दुसरा आक्षेप गतीविषयी होता आणि त्याचा इतिहास युरोपपेक्षाही जुना आहे. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले आणि त्यासाठी नावेचा दृष्टांत दिला : पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली यावर विचारले की पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळून का पडत नाहीत. आर्यभटाच्या नावेत या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण तिचा दृष्टांत वस्तू कशा दिसतात याविषयी होता, त्या कशा हलतात याविषयी नव्हता. ते उत्तर द्यायला गॅलिलिओने १६३२ साली पुन्हा जहाजच वापरले. संथपणे चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत वरून टपकणारे थेंब खालच्या भांड्यात सरळच पडतात आणि फुलपाखरे सर्व दिशांना सारखीच उडतात, कारण जहाजाची गती त्या सर्वांनाही मिळालेली असते. दोन्ही दृष्टांतांमध्ये अकराशे वर्षांचे अंतर आहे. पहिल्याने कल्पना सुचवली आणि दुसऱ्याने तिच्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप दूर केला. मला दोघेही सारखेच मोठे वाटतात.

या दोहोंच्या मध्ये केप्लर येतो. मंगळाच्या कक्षेचे वर्तुळांनी केलेले गणित टायकोच्या नोंदींशी ८ कलांनी जुळत नव्हते, आणि एवढी चूक टायकोच्या हातून होणार नाही याची केप्लरला खात्री होती. त्या ८ कलांसाठी त्याने दोन हजार वर्षे पवित्र मानलेले वर्तुळ सोडले आणि १६०९ साली लंबवर्तुळाकार कक्षा मांडली. ज्या नोंदींनी सूर्यकेंद्री कल्पना खरी अचूक झाली, त्या तिचा स्वीकार न केलेल्या माणसाच्या होत्या. विरोधकाचे काम विचाराला पूर्णत्व कसे देते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

हीच गोष्ट विसाव्या शतकात, जवळजवळ आपल्या डोळ्यांदेखत, पुन्हा घडली. अल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली खंड एकमेकांपासून दूर सरकत आले आहेत असे मांडले आणि त्यासाठी किनाऱ्यांचे आकार, जीवाश्म आणि खडकांचे थर यांचा पुरावा गोळा केला. मात्र खंडांना ढकलणारी शक्ती म्हणून त्याने जे सुचवले, ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फारच दुबळे होते आणि हॅरोल्ड जेफ्रीजने ते गणिताने दाखवून दिले. वेगेनर १९३० साली ग्रीनलंडच्या हिमावर मरण पावला, तेव्हा त्याचा विचार मोडीत निघाल्यासारखा होता. पुढे महासागरांची खोली ध्वनीच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर मोजली जाऊ लागली. ते आकडे कागदावर उतरवताना मेरी थार्प हिला १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक लांबच लांब खचदरी दिसली. सागरतळ तेथे दुभंगत असावा असा त्याचा अर्थ होत होता, आणि तिचा सहकारी ब्रूस हीझेन याने सुरुवातीला तो उडवून लावला. स्त्री असल्यामुळे त्या काळी तिला संशोधन-जहाजावर जाऊ दिले जात नसे. दुसऱ्यांनी आणलेले आकडे टेबलावर मांडून तिने ही दरी शोधली. १९६३ साली सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लागला, म्हणजे मधल्या रांगेपाशी नवा सागरतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो हे कळले, आणि १९६० चे दशक संपेपर्यंत भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या तुकड्यांचा, सिद्धांत बहुतेक भूवैज्ञानिकांनी स्वीकारला. वेगेनरचा विचार बरोबर ठरला, पण वेगेनरच्या कारणांनी नव्हे.

विरोधकांना मी इतका न्याय देतो म्हणून ते नेहमीच रास्त असतात असे कोणी समजू नये. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील सुमारे ११ स्त्रिया दगावल्या आणि दुसऱ्यात ३ हून कमी. इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरचा सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मरण पावला, आणि त्याच्या शरीरात बाळंतज्वराच्या रुग्णांसारख्याच खुणा आढळल्या. शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या हातांवर काहीतरी चिकटून येत असले पाहिजे, असा निष्कर्ष काढून झेमेलवाइसने १८४७ च्या मे महिन्यात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरात १८ असलेले मृत्यू जूनमध्ये २ च्या आसपास आले. तरीही बहुसंख्य डॉक्टरांनी हे मानले नाही. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे त्याला सांगता येत नव्हते, हा त्यांचा आक्षेप खरा होता. त्याने आपले पुस्तक १८६१ च्या सुमारापर्यंत प्रसिद्ध केले नाही, ही त्याचीही चूक होती. पण येथे मला विरोधकांची बाजू घेता येत नाही. पराशयाची वाट पाहण्यात कोणाचे प्राण जात नव्हते. येथे प्रत्येक आठवड्याला जात होते, आणि खरे-खोटे पाहण्यासाठी फक्त हात धुवायचे होते. पाश्चरचे जंतूंविषयीचे संशोधन आणि लिस्टरने १८६७ साली प्रसिद्ध केलेली कार्बोलिक आम्लाची पद्धत यांच्यामुळे पुढे जंतुनाशनाला सैद्धांतिक आधार मिळाला. झेमेलवाइस त्याआधीच, १८६५ साली, एका मनोरुग्णालयात मरण पावला होता. आक्षेप रास्त असला तरी प्रयोग स्वस्त आणि विलंब जीवघेणा असेल, तर सिद्धांत पूर्ण होण्याची वाट पाहणे हा गुन्हा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राजकारणात ‘आक्षेपाला उत्तर’ या शब्दांचा अर्थ वेगळा होतो, कारण तेथे प्रयोग माणसांवर होतो आणि उत्तर पुष्कळदा ज्यांना विचारातून वगळलेले असते तेच देतात. २६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात, असे त्यात म्हटले होते. त्याच वेळी फ्रान्सच्या कॅरिबियन वसाहतीत, आज जिला हैती म्हणतात तेथे, सुमारे पाच लाख माणसे गुलाम होती, आणि सभेतील अनेकांचे हितसंबंध त्या वसाहतीच्या साखरेत गुंतलेले होते. ‘माणसे’ या शब्दात ते गुलाम येतात की नाहीत, हे जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी ठरवले नाही. ते १७९१ च्या ऑगस्टमध्ये उठाव करून गुलामांनी ठरवले. १७९३ साली वसाहतीतील फ्रेंच आयुक्ताला स्वातंत्र्य जाहीर करावे लागले आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसमधील सभेने सर्व वसाहतींत गुलामगिरी रद्द केली. १८०२ साली नेपोलियनने ती परत आणू पाहिली. गुलामांचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर याला कपटाने पकडून फ्रान्सला नेले आणि १८०३ च्या एप्रिलमध्ये तो थंड डोंगरी किल्ल्याच्या कोठडीत मरण पावला. तरीही १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाली. फ्रान्सने या स्वातंत्र्याला मान्यता दिली ती १८२५ साली, तीही १५ कोटी फ्रँकची भरपाई लादून. ती भरपाई पूर्वीच्या मालकांसाठी होती. हा तपशील शिकवताना माझा आवाज आजही स्थिर राहत नाही. समतेचा विचार पॅरिसमध्ये लिहिला गेला हे खरे; परंतु त्याला सार्वत्रिक हा शब्द लावण्याचा अधिकार ज्यांनी मिळवून दिला, ते तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतेच.

स्त्रियांच्या बाबतीत हेच अधिक संथपणे घडले. ऑलिंप द गूज हिने १७९१ साली त्या जाहीरनाम्याच्या कलमांना समांतर असा स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर तिला व्यासपीठावर चढण्याचाही हक्क असला पाहिजे, असे तिने त्यात म्हटले. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला गिलोटिनखाली ठार करण्यात आले. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार १८९३ साली मिळाला. जाहीरनाम्याच्या जन्मभूमीत, फ्रान्समध्ये, तो १९४४ साली मिळाला.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटनमध्ये झालेली चळवळ मला नेहमी अभ्यासण्यासारखी वाटते, कारण तेथे विचार नवा नव्हताच. गुलामगिरी हे पाप आहे असे क्वेकर पंथाचे लोक बराच काळ म्हणत होते आणि त्यांचे म्हणणे फारसे कोणी ऐकत नव्हते. २२ मे १७८७ रोजी लंडनमधील एका छापखान्यात बारा माणसांची समिती स्थापन झाली. त्यांतील थॉमस क्लार्कसन हा बंदरांतून फिरला, खलाशांशी बोलला, बेड्या आणि छळाची साधने विकत घेतली आणि लोकांपुढे मांडली. ब्रूक्स नावाच्या जहाजाचा आराखडा छापला गेला. कायद्याने त्या जहाजावर ४५४ माणसांना परवानगी होती. त्यापूर्वी एका खेपेत ६०९ जण नेल्याचे सांगितले जात असे. ४५४ माणसे तरी कशी मावतील, हे दाखवण्यासाठी त्या आराखड्यात शरीरे एकमेकांना चिकटून ओळीने आडवी मांडलेली आहेत. त्या चित्राला युक्तिवादाची गरज जवळजवळ नव्हती. ओलाउडा इक्विआनो याने १७८९ साली स्वतःचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि गुलाम केलेला माणूस प्रथमपुरुषी एकवचनात हजारो वाचकांशी बोलू लागला. स्त्रियांना मत नव्हते, पण घरात साखर आणायची की नाही हे त्यांच्या हातात होते, आणि वेस्ट इंडीजची साखर न वापरण्याची मोहीम त्यांनी चालवली. १७९२ साली संसदेकडे पाचशेहून अधिक अर्ज गेले. व्यापारावर बंदी आली ती १८०७ साली, आणि गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला १८३३ साली. त्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड दिले, गुलामांना काहीही नाही. आराखडा, अर्ज, बहिष्कार, साक्षीदाराचे कथन ही साधने आज प्रत्येक चळवळ वापरते. त्यांचा असा एकत्रित आणि पद्धतशीर वापर प्रथम येथे दिसतो.

विचार प्रवासात बदलतो हेही येथेच सांगितले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८७३ सालची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेने एका खंडातील प्रश्नाचे नाव दुसऱ्या खंडातील जातिव्यवस्थेला दिले, आणि जी गोष्ट धर्माची म्हणून चर्चेबाहेर होती ती हक्कांची म्हणून चर्चेत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले. नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत बोलताना त्यांनी या तिन्ही तत्त्वांना एकमेकांपासून तोडता येत नाही हे बजावले होते. फ्रान्समध्ये बंधुता हा तीन शब्दांतील सर्वांत दुर्लक्षित शब्द राहिला होता. त्यांनी त्याला मुळाशी आणून ठेवले. याला मी उसनवारी म्हणणार नाही.

कलेकडे वळताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. विज्ञानात जुना सिद्धांत मागे पडतो. टॉलेमीचे ग्रहगणित आज कोणी वापरण्यासाठी शिकत नाही. कलेत जुने चित्र चुकीचे ठरत नाही. म्हणून तेथे क्रांती झाली की नाही हे पाहणाऱ्याच्या डोळ्याला काय सवय लागली यावरून ठरते. ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत फ्लॉरेन्सच्या एका इमारतीचे चित्र काढून फळीला भोक पाडले. मागून त्या भोकातून समोरच्या आरशात पाहिले की चित्र आणि खरी इमारत यांत फरक वाटेनासा होई. हे एका कुशल माणसाचे प्रात्यक्षिक होते. अल्बर्टीने १४३५ साली यथादर्शनाची, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याची, रीत पायरीपायरीने लिहून काढली, तेव्हा भूमितीत फारशी गती नसलेल्या चित्रकारालाही ती वापरता येऊ लागली, आणि पुढची चारशे वर्षे युरोपातील प्रेक्षक चौकट म्हणजे खिडकी असे मानून चित्राकडे पाहत राहिला.

ती सवय मोडण्यासाठी बऱ्याच गोष्टी एकत्र याव्या लागल्या. १८४१ साली रंगांसाठी दाबता येणारी कथिलाची नळी निघाली आणि तैलरंग घेऊन उघड्यावर चित्र काढणे सोपे झाले. छायाचित्रणाने हुबेहूब नोंदीचे काम चित्रकाराकडून काढून घ्यायला सुरुवात केली. जपानी लाकडी ठशांची चित्रे युरोपात आली. त्यांत होकुसाईसारख्या कलावंताने युरोपीय यथादर्शन आणि बर्लिनमध्ये शोधला गेलेला निळा रंग आधीच आपलासा केलेला होता, म्हणजे युरोपकडे परत आलेली वस्तू काही अंशी तिचीच होती, पण ओळखू न येण्याइतकी बदललेली. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये एका छायाचित्रकाराच्या जुन्या चित्रशाळेत मोने आणि त्याच्या सोबत्यांचे प्रदर्शन उघडले. एका समीक्षकाने लिहिले की भिंतीवर चिकटवायच्या कागदाची कच्ची आखणीदेखील मोनेच्या समुद्रदृश्यापेक्षा पूर्ण असते. चित्रे अपुरी आहेत हा आक्षेप त्या काळच्या निकषांनुसार बरोबरच होता. चित्र पूर्ण करण्याचे काही काम ती पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवत होती. त्या डोळ्याला शिकवायला वर्षे लागली, आणि त्या वर्षांत चित्रकारांना जगवणाऱ्या द्युराँ-रुएल या विक्रेत्याला मी या क्रांतीच्या इतिहासात चित्रकारांच्या शेजारी बसवतो. तो दिवाळखोरीच्या काठावर जाऊनही ही चित्रे विकत घेत राहिला आणि १८८६ साली त्याने ती न्यूयॉर्कला नेली, जेथील प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकमंडळाचा धाक कमी होता.

सर्वांत यशस्वी क्रांती मात्र आपल्या नजरेतून सुटते. पृथ्वीच्या फिरण्याला विरोध करणाऱ्या ब्रह्मगुप्तानेच ६२८ साली शून्यासह बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले. दशमान अंक नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मीच्या लेखनातून अरबी जगात पसरले आणि १२०२ साली पीसाच्या लिओनार्दोने ते लॅटिन वाचकांपुढे ठेवले. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरण्यास मनाई केली. शून्याचा सहा किंवा नऊ करणे सोपे असते, ही त्यामागची एक काळजी मानली जाते, आणि ती निराधार नाही. आजही धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिली जाते. पण इटलीच्या शहरांत व्यापाऱ्यांच्या मुलांना नव्या अंकांनी गणित शिकवणाऱ्या शाळा निघाल्या आणि पिढ्यांमागून पिढ्या शिकत गेल्या. या क्रांतीला हुतात्मा नाही, जाहीरनामा नाही.

आता एका धोक्याविषयी, कारण क्रांतिकारी म्हणवणारे सर्व विचार भल्याचे नसतात. सोव्हिएत संघात लिसेंको या कृषितज्ज्ञाने आनुवंशविज्ञान हे भांडवलदारी थोतांड ठरवले आणि राज्यसत्ता त्याच्या पाठीशी उभी राहिली. पिकांच्या बियाण्यांचा जगातील अत्यंत मोठा संग्रह उभारणारा निकोलाय वाव्हिलोव याला १९४० साली अटक झाली आणि १९४३ साली तो तुरुंगात मरण पावला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये आनुवंशविज्ञानावर अधिकृत बंदीच आली. फ्रान्समध्ये जून १७९४ च्या कायद्याने क्रांतीच्या न्यायासनापुढील आरोपीचा बचावाचा हक्क काढून घेतला होता. या दोन घटनांत मला एकच चूक दिसते. ज्या विचाराने आक्षेप घेणाऱ्याचे तोंड बंद केले, त्याने स्वतःचे अपुरेपण भरून काढण्याचा एकमेव मार्गही बंद केला. विचार खरा की खोटा हे कळण्याआधीच मी त्याच्याविषयी सावध होतो ते या लक्षणावरून.

शेवटचा प्रश्न वेळीच ओळखण्याचा. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरील लेखन वाचले गेले. पुढच्या वर्षी सोसायटीच्या अध्यक्षांनी आढावा घेताना म्हटले की आपल्या शास्त्रात क्रांती घडवील असा एकही ठळक शोध या वर्षात लागलेला नाही. त्यांना मी दोष देत नाही. काही पानांच्या लेखनावरून कोणालाही ते कळले नसते. १८५९ सालचा ग्रंथ हाती आल्यावर मात्र एक गोष्ट पाहता येण्यासारखी होती. डार्विनने त्यात आपल्या सिद्धांतापुढील अडचणींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले होते : डोळ्यासारखे गुंतागुंतीचे इंद्रिय क्रमाक्रमाने कसे घडले असेल, मधल्या अवस्थांतील प्राणी कोठे आहेत. आपला विचार कोठे मोडू शकतो हे सांगणारा माणूस दुसऱ्यांना काम नेमून देत असतो, आणि आजच्या कोणत्याही नव्या विचारात मी आधी तेच शोधतो.

तेवढ्याने तो विचार टिकेलच असे मात्र ठरत नाही. १८६७ साली फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने एका लेखातून डार्विनला फार कठीण प्रश्न घातला. आईबापांचे गुण रंगांसारखे एकमेकांत मिसळत असतील, तर एखाद्या प्राण्यात आलेला चांगला बदल पिढीगणिक अर्धा होत जाऊन नाहीसा होईल, मग निवड कशाची होणार? आनुवंशिकतेविषयीचे तेव्हाचे सर्वमान्य मत धरले तर हा आक्षेप बिनतोड होता, आणि डार्विनने तो मनावर घेतला. तो लेख वाचून ‘हा सिद्धांत टिकेल की नाही, हे आज सांगता येत नाही’ असे जो कोणी म्हणाला असता, त्याचे म्हणणे त्या दिवशी योग्यच ठरले असते. गुण मिसळत नाहीत, सुट्या घटकांनी पुढच्या पिढीत जातात, हे वाटाण्याच्या रोपांवर दाखवणारा ग्रेगॉर मेंडेलचा निबंध मात्र वर्षभरापूर्वी, १८६६ साली, छापून झालेला होता. जेन्किनचा प्रश्न घेऊन १९०० सालापर्यंत त्या निबंधाकडे कोणी गेले नाही.